निकट पुष्पछायाचित्रणातील रचना

निकट पुष्पछायाचित्रण ही छायाचित्रणाची एक शाखा असून तीत संपूर्ण फूल किंवा फुलाचा एखादा अवयव, उदाहरणार्थ पाकळीची कड, परागकोष, कुक्षी किंवा उमलू लागलेली कळी, अगदी जवळून टिपला जातो. चौकटीत काय घ्यावे, काय वगळावे, फुलाकडे कोणत्या बाजूने पाहावे, त्याचा कोणता भाग सुस्पष्ट ठेवावा आणि पार्श्वभूमीला किती वाव द्यावा, या निर्णयांच्या समुच्चयास रचना असे म्हणतात. निसर्गदृश्य किंवा व्यक्तिचित्र यांच्या रचनेहून ही रचना एका मूलभूत बाबतीत निराळी आहे. येथे प्रतिमेतील सुस्पष्ट भागाची जाडी बहुधा काही मिलिमीटरच असते. त्यामुळे फोकस कोठे करावा हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तो रचनेचाच प्रश्न होतो.

इतिहास

छायाचित्रणाच्या आरंभापासून वनस्पती हा त्याचा विषय राहिला आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३९ च्या सुमारास पाने व फुले प्रकाशसंवेदी कागदावर ठेवून, कॅमेऱ्याशिवाय त्यांचे ठसे मिळवले. ॲना ॲटकिन्स या इंग्लिश वनस्पतिअभ्यासक स्त्रीने १८४३ पासून सायनोटाइप पद्धतीने शैवालांच्या निळ्या प्रतिमांचे संग्रह काढले. पुढे ॲन डिक्सन यांच्यासमवेत सपुष्प वनस्पती व नेचे यांच्याही प्रतिमा त्यांनी तयार केल्या. या प्रतिमांमध्ये वस्तू मूळ आकारातच उमटे आणि तिची फक्त बाह्यरेषा व पारदर्शकता दिसे. तरीही कागदाच्या मोकळ्या जागेत एक फांदी कोठे व कशी ठेवावी याचा ॲटकिन्स यांनी केलेला विचार आजही लक्ष वेधून घेतो.

फ्रान्समधील म्यूलूझ या कापडउद्योगाच्या शहरात आदोल्फ ब्राउन यांनी १८५० च्या दशकात फुलांची सुमारे ३०० छायाचित्रे काढली. कापड व भिंतकागद यांवरील नक्षी रेखाटणाऱ्यांना नमुने पुरवणे हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. त्या काळातील कलोडियन काचपट्ट्या निळ्या प्रकाशास अतिसंवेदी आणि लाल-पिवळ्या प्रकाशास जवळजवळ अंध असत. परिणामी निळे फूल पांढरट आणि पिवळे फूल काळपट उमटे. त्या काळातील कृष्णधवल पुष्पचित्रे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण त्यांतील छाया-प्रकाशाचा तोल पुष्कळदा छायाचित्रकाराच्या निवडीपेक्षा रसायनाने ठरवलेला असे.

निकट छायाचित्रणाला स्वतंत्र दृष्टी मिळवून देण्याचे श्रेय सामान्यतः जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) यांना दिले जाते. ते बर्लिनच्या उपयोजित कला विद्यालयात शिक्षक होते. विद्यार्थ्यांना नैसर्गिक आकारांचे रेखाटन शिकवण्यासाठी त्यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कळ्या, कोंब, देठ व बीजकोश यांची अनेकपट मोठी केलेली चित्रे तीन दशकांहून अधिक काळ काढली. त्यांपैकी १२० चित्रांचा ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’ (कलेचे आदिरूप) हा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्लॉसफेल्ट यांची रचना कमालीची कडक होती: राखाडी किंवा पांढरी सपाट पार्श्वभूमी, पसरलेला सौम्य प्रकाश, आणि वनस्पती चौकटीच्या मध्यभागी उभी. नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबाला त्यामुळे लोखंडी जाळीकामाचे रूप येते. एक तपशील मात्र अनेकदा विसरला जातो. चित्रणापूर्वी ते पाने व फांद्या छाटून आकार स्वच्छ करून घेत. म्हणजे ही ‘आदिरूपे’ काही अंशी घडवलेली होती.

अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅम (१८८३–१९७६) यांनी १९२० च्या दशकात, लहान मुलांना सांभाळत घराच्या बागेतच काम करताना, मॅग्नोलिया व कॅला लिली यांची चित्रे काढली. १९२५ च्या सुमाराच्या त्यांच्या मॅग्नोलियाच्या चित्रात फूल चौकटीबाहेर जाते. पाकळ्यांच्या कडा कापल्या जातात आणि मधल्या केसरांचा शंकू हाच चित्राचा विषय बनतो. याच काळात जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्ती फुलांचे अतिविशाल आकार कॅनव्हासवर रंगवत होत्या. फूल पूर्ण दाखवलेच पाहिजे हा संकेत या पिढीने मोडला. पुढे रॉबर्ट मॅपलथॉर्प (१९४६–१९८९) यांनी स्टुडिओतील काटेकोर प्रकाशात, गडद पार्श्वभूमीवर एकेकटे फूल ठेवून त्याला शिल्पाची घनता दिली.

वर्धन आणि क्षेत्रखोली

सेन्सरवर किंवा फिल्मवर पडणारी प्रतिमा आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्या आकारांच्या गुणोत्तरास वर्धन म्हणतात. वर्धन १:१ असेल तर ३६ × २४ मिमी आकाराच्या सेन्सरवर फुलाचा नेमका तेवढाच भाग मावतो. काटेकोर अर्थाने १:१ व त्यापुढील वर्धनास ‘मॅक्रो’ म्हटले जाते. १:१० ते १:१ या टप्प्यास निकट छायाचित्रण म्हणण्याचा प्रघात आहे. व्यवहारात मात्र दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात.

प्रतिमेत सुस्पष्ट वाटणाऱ्या पट्ट्याच्या जाडीस क्षेत्रखोली म्हणतात. वरील आकाराच्या सेन्सरसाठी प्रचलित निकष धरल्यास, एफ/८ या छिद्रमानावर १:३ वर्धनाला क्षेत्रखोली सुमारे ६ मिमी, १:२ ला सुमारे ३ मिमी आणि १:१ ला जेमतेम १ मिमी भरते. जास्वंदीचे उदाहरण घेतल्यास याचा अर्थ स्पष्ट होतो. जास्वंदीची केसरनलिका पाकळ्यांच्या पुढे काही सेंटिमीटर आलेली असते. समोरून चित्र घेतल्यास टोकाच्या पाच कुक्षी सुस्पष्ट येतात आणि मागील पाकळ्यांचा रंगीत धूसर पडदा होतो; पाकळ्यांच्या शिरांवर फोकस केला तर केसरनलिका पुढे एक अस्पष्ट डाग होऊन राहते. तेच फूल बाजूने, नलिका सेन्सरला समांतर ठेवून घेतले, तर संपूर्ण नलिका एकाच प्रतलात येऊन स्पष्ट दिसते. निकट छायाचित्रणात कॅमेऱ्याचा कोन एवढा निर्णायक का ठरतो, हे या एका फुलावरून समजू शकते.

छिद्र लहान करून (एफ/१६, एफ/२२) क्षेत्रखोली वाढवता येते, परंतु त्यालाही मर्यादा आहे. वर्धन वाढते तसे परिणामी छिद्रमान वाढत जाते. साध्या लेन्सच्या गणिताने १:१ ला एफ/८ चा परिणाम एफ/१६ इतका होतो. त्यामुळे सेन्सरवर पडणारा प्रकाश एकचतुर्थांश होतो आणि विवर्तनामुळे संपूर्ण चित्र मऊ पडू लागते. फोकस किंचित सरकवत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करण्याच्या पद्धतीने (फोकस स्टॅकिंग) ही अडचण दूर होते. वनस्पतिशास्त्रीय नोंदीसाठी ती अत्यंत उपयुक्त आहे. रचनेच्या दृष्टीने मात्र तिचा लाभ निर्विवाद नाही: सर्वच स्पष्ट झाल्यावर नजर कोठे थांबावी याचा निर्देश नाहीसा होतो आणि फूल कधीकधी मेणाच्या प्रतिकृतीसारखे दिसू लागते.

साधने

मॅक्रो लेन्स ५० ते ६०, ९० ते १०५ आणि १८० ते २०० मिमी अशा तीन गटांत मिळतात. साध्या लेन्समागे जोडायच्या पोकळ नळ्या, पुढे लावायची निकटदर्शी भिंगे आणि उलटी बसवलेली लेन्स हे कमी खर्चाचे पर्याय आहेत. वर्धन तेवढेच ठेवले तर नाभीय अंतर बदलल्याने क्षेत्रखोलीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पार्श्वभूमीत. २०० मिमी लेन्स फुलामागील फार अरुंद भाग टिपते, त्यामुळे कॅमेरा हाताच्या रुंदीइतका सरकवला तरी पांढऱ्या आकाशाऐवजी गर्द हिरवळ मागे आणता येते. ५० मिमी लेन्सने तेवढ्याच आकाराच्या फुलामागे अर्धी बाग येते. फुलाचा परिसर दाखवायचा असेल तर हाच दोष गुण ठरतो.

भ्रमणध्वनीतील ‘मॅक्रो’ सुविधा बहुधा अतिविस्तृत कोनाच्या लेन्सवर आधारलेली असून ती फुलापासून दोन-तीन सेंटिमीटरवर काम करते. सेन्सर लहान असल्याने क्षेत्रखोली तुलनेने अधिक मिळते. परंतु मागील पसारा चित्रात शिरतो, जवळची पाकळी अवाजवी मोठी दिसते आणि उपकरणाची सावली फुलावर पडते. थोडे मागे सरून मुख्य लेन्सने चित्र घेणे व नंतर कातरणे हा उपाय पुष्कळदा अधिक समाधानकारक ठरतो.

फुलाची रचना आणि चित्राची रचना

छायाचित्रणाच्या प्राथमिक पुस्तकांत तृतीयांशाचा नियम सांगितला जातो: चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य वस्तू त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर ठेवावी. या नियमाला हे नाव इंग्लिश चित्रकार व खोदकामकार जॉन टॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये दिले, आणि तेही निसर्गदृश्यातील जमीन-आकाश, छाया-प्रकाश यांच्या प्रमाणाविषयी बोलताना. क्षितिजच नसलेल्या निकट पुष्पचित्राला तो जसाच्या तसा लावण्यास विशेष आधार नाही. फुलाची स्वतःची सममिती हा अधिक भरवशाचा मार्गदर्शक आहे.

सदाफुली, चाफा, कमळ, सूर्यफूल यांना अरीय सममिती असते. केंद्रातून जाणाऱ्या अनेक रेषांनी त्यांचे समान भाग पडतात. अशी फुले अगदी समोरून व चौकटीच्या मध्यभागी घेतल्यास त्यांची भूमिती पूर्णपणे खुलते. चाफ्याच्या पाच पाकळ्या एकमेकींवर एकाच दिशेने चढलेल्या असतात आणि ती भिंगरीसारखी गती मध्यवर्ती रचनेतच जाणवते. सूर्यफुलाच्या स्तबकातील पुष्पकांच्या उजव्या-डाव्या सर्पिलांची संख्या बहुधा ३४ व ५५ यांसारखी, फिबोनाची क्रमातील शेजारच्या संख्यांची जोडी असते. येथे केंद्र किंचित बाजूला ठेवून सर्पिल चौकटीबाहेर धावू दिले तर नक्षी संपतच नाही असा भास होतो. केंद्र अगदी थोडेसे चुकवणे मात्र टाळले जाते, कारण पाहणाऱ्याला ती निवड न वाटता चूक वाटते.

तेरडा, गोकर्ण, ऑर्किड यांसारख्या द्विपार्श्व सममितीच्या फुलांना ‘चेहरा’ असतो, म्हणून ती समोरून घेण्याचा मोह होतो. तेरड्याच्या बाबतीत त्यामुळे एक महत्त्वाचा अवयव लपतो. त्याच्या मागील बाजूस मध साठवणारी वाकडी शेपटीसारखी शुंडिका असते; तिची लांबी व बाक यांवरून फुलाची ओळख पटवण्यास मदत होते. बाजूने घेतलेल्या चित्रात हीच शुंडिका रचनेला एक सुंदर वक्ररेषा मिळवून देते. गोकर्णीचे फूल देठावर उलटे वळलेले असून त्याची मोठी पाकळी खालच्या बाजूस येते. चित्र ‘सरळ’ करण्यासाठी फिरवले तर फूल आकर्षक दिसते, पण कीटक त्यावर कसा उतरतो याची चुकीची कल्पना मिळते. खाली लोंबणारी फुले उलटी फिरवून छापण्यालाही हाच आक्षेप घेता येतो.

दृष्टिकोनाच्या बाबतीत उंचीचाही विचार करावा लागतो. उभ्या माणसाने वरून घेतलेले चित्र फुलाला जमिनीवर दाबून टाकते आणि मागे माती, पाचोळा व देठांची गुंतागुंत येते. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणला की पार्श्वभूमी दूर जाते व मऊ होते. याला प्राजक्तासारखे अपवाद आहेत. हे फूल संध्याकाळी उमलून पहाटे गळून पडते, तेव्हा केशरी देठांसह जमिनीवर पसरलेला सडा हेच त्याचे स्वाभाविक दृश्य असून ते वरूनच नीट दिसते.

पार्श्वभूमी आणि मोकळी जागा

नवशिक्या छायाचित्रकाराचे लक्ष फुलावर खिळलेले असते, आणि चित्र बिघडते ते बहुधा मागील एखाद्या ठिपक्यामुळे. धूसर झालेली वस्तू अदृश्य होत नाही. वाळलेली पांढरी काडी धूसर झाल्यावर अधिक रुंद पट्टा होऊन दिसते. म्हणून शटर दाबण्यापूर्वी नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरवण्याची शिफारस केली जाते. फूल व पार्श्वभूमी यांतील अंतर वाढवणे हा सर्वांत साधा उपाय होय. भिंतीपासून पाच सेंटिमीटरवरील फुलामागे भिंतीचा पोत दिसतो. तेच फूल दोन मीटर पुढे असेल तर भिंतीचा केवळ रंग उरतो.

धूसर भाग फुलाच्या पुढेही वापरता येतो. लेन्सला जवळजवळ टेकलेले पान किंवा दुसरे फूल रंगीत धुक्यासारखे पसरते व मधल्या फटीतून मुख्य फूल दिसते. या युक्तीचा अतिरेक झाला की सर्व चित्रे एकसारखी दिसू लागतात. मोकळी जागा ठेवण्यामागे दिशेचा विचार असतो: कळीचे टोक, लवलेला देठ किंवा फुलाचे तोंड ज्या बाजूस वळलेले असेल त्या बाजूस अधिक जागा सोडली जाते. फूल कापायचेच झाल्यास ते ठामपणे कापावे लागते. एका पाकळीचे टोक तेवढे चौकटीबाहेर गेले तर तो निष्काळजीपणा वाटतो.

प्रकाश आणि रंग

ढगाळ हवेतील पसरलेला प्रकाश पाकळ्यांचा पोत व सौम्य रंगछटा यांना अनुकूल असतो. मागून येणारा प्रकाश पातळ पाकळ्यांमधून पार होऊन शिरांचे जाळे उजळवतो आणि देठावरील लव तेजस्वी कडेसारखी दाखवतो. दुपारच्या उन्हात पातळ पांढरे कापड किंवा छत्री फुलावर धरून प्रकाश मऊ केला जातो.

लाल व पिवळ्या फुलांची एक विशेष अडचण आहे. लाल जास्वंदीचे सरासरी उद्भासन योग्य दिसत असतानाही सेन्सरचा लाल घटक आपली कमाल मर्यादा ओलांडून जातो. अशा वेळी पाकळीचा पोत नष्ट होऊन एक सपाट लाल ठिगळ उरते. उपाय म्हणून उद्भासन कमी ठेवून रंगघटकांचे आलेख वेगवेगळे पाहिले जातात. निळ्या फुलांची अडचण वेगळी. काही निळी फुले मानवी डोळ्याला जेमतेम जाणवणारा अतिलाल टोकाकडील प्रकाशही परावर्तित करतात; रंगीत फिल्म तो टिपत असल्याने ती गुलाबी उमटत. एका निळ्या बागफुलावरून याला ‘ॲजेरॅटम परिणाम’ असे नाव पडले. मधमाश्यांना दिसणाऱ्या अतिनील प्रकाशातील मधखुणा मात्र साध्या कॅमेऱ्यात उमटत नाहीत. त्यासाठी खास लेन्स व फिल्टर लागतात.

वारा हा या छायाचित्रणातील नित्याचा अडथळा आहे. १:१ वर्धनात फूल १ मिमी हलले तर प्रतिमाही सेन्सरवर १ मिमी सरकते, आणि एवढी हालचाल चित्र पुसट करण्यास पुरेशी असते. सूर्योदयानंतरचा पहिला तास हवा स्थिर असल्याने पसंत केला जातो.

हस्तक्षेपाचा प्रश्न

चित्र स्वच्छ यावे म्हणून आसपासचे गवत उपटणे, फूल तोडून सोयीच्या जागी ठेवणे, पाणी किंवा ग्लिसरीन फवारून ‘दव’ निर्माण करणे, कीटक थंड करून फुलावर बसवणे हे प्रकार प्रचलित आहेत. बागेतील गुलाबावर पाणी फवारल्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु निसर्गचित्र म्हणून ते सादर करताना हस्तक्षेप उघड करावा, असे सामान्यतः मानले जाते. वन्य फुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. वार्षिक वनस्पतीचे फूल तोडणे म्हणजे त्या वर्षीचे बीज तोडणे असते, आणि कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिया) काही जातींसारख्या अल्प संख्येने उरलेल्या वनस्पतींना ते परवडणारे नसते. गवत बाजूला करायचेच असल्यास ते न तोडता हलकेच वाकवून नंतर मोकळे केले जाते. दुर्मीळ फुलाच्या चित्रासोबत नेमके ठिकाण प्रसिद्ध न करण्याचा संकेतही अनेक अभ्यासक पाळतात.

महाराष्ट्रातील सडे

सह्याद्रीच्या माथ्यावरील व कोकणातील जांभ्या दगडाच्या पठारांना स्थानिक भाषेत सडा म्हणतात. साताऱ्याजवळचे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवरील कास पठार त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत त्याचा समावेश आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तेथे तेरडा, सोनकी, गेंद व सीतेची आसवे यांचे गालिचे दिसतात, आणि टोपली कारवी सात वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते.

कासची लोकप्रिय चित्रे बहुधा या गालिच्यांची असतात. निकट छायाचित्रण त्याच पठाराचे निराळे रूप दाखवते. सीतेच्या आसवांचे जांभळट-निळे फूल करंगळीच्या नखाएवढे असते आणि ते कीटकभक्षी वनस्पतीचे आहे हे गालिच्यात कळतच नाही. ड्रॉसेराच्या पानांवरील चमकते थेंब दुरून दव वाटतात; जवळून त्यांतील प्रत्येक थेंब एका लाल केसाच्या टोकावर चिकटलेला दिसतो आणि त्यांत अडकलेला चिलटाएवढा कीटकही दिसतो. कवल्याच्या (स्मिथिया) पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके असतात. समोरून घेतलेल्या चित्रात त्यांचा चेहऱ्यासारखा भास होत असल्याने पर्यटकांनी त्याला ‘मिकी माऊस’ असे नाव दिले आहे; या नावाचा उगम वनस्पतिशास्त्रात नसून कॅमेऱ्याच्या कोनात आहे.

या पठारावर खडकावरील मातीचा थर काही ठिकाणी अवघा काही सेंटिमीटरचा असतो. फुलाच्या उंचीवर कॅमेरा आणण्यासाठी छायाचित्रकार आडवा झाला की त्याच्या शरीराखाली इतर शेकडो रोपे चिरडली जातात. दाबली गेलेली माती पाणी धरत नाही आणि पुढील पावसाळ्यात त्या जागी उगवण कमी होते. फुलोऱ्याच्या हंगामात पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा, प्रवेशशुल्क व ठरावीक वाटा अशी व्यवस्था करण्यात आली आहे. पायवाटेच्या किंवा उघड्या कातळाच्या कडेला उगवलेली फुलेच निवडणे, वळणारा पडदा असलेला कॅमेरा हात लांबवून जमिनीलगत धरणे आणि १८० ते २०० मिमीची लेन्स वापरून वाटेवरूनच चित्र घेणे या पद्धती तेथे सोयीच्या ठरतात. लांब लेन्समुळे मिळणारी मऊ, एकरंगी पार्श्वभूमी पुष्कळदा आडवे होऊन घेतलेल्या चित्रापेक्षा सरस असते.